कुत्र्यासह घाटात जाताना: धोका गाडी थांबल्यावर सुरू होतो

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गौरी-गणपती उरकले की कासच्या फुलांचा हंगाम भरात येतो आणि शनिवार-रविवारी साताऱ्याहून वर चढणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. या गाड्यांतून हल्ली कुत्रीही येतात. लॅब्राडोर, पग, शिह-त्झू असतात, हौसेने पाळलेली आपली गावठी असतात, सांगलीकडून येणाऱ्या गाडीत एखादा लांबलचक पायांचा कारवानही असतो. घरातल्या जीवाला कुलूप लावून सहलीला जाववत नाही, हे आम्हाला पुरते समजते. आम्ही स्वतः कुत्री पाळणारे आहोत आणि आमच्यातले काही पशुवैद्यक आहेत. म्हणूनच हे पत्र. सोमवारी सकाळी दवाखान्यात जी कुत्री आणली जातात, त्यांतल्या बहुतेकांना चालत्या गाडीत काही झालेले नसते. जे होते ते गाडी थांबल्यावर होते. दार उघडताना, वाहनतळावर, धाब्यावर, कड्याजवळ, गवतात. चालवताना सगळे सावध असतात. हँडब्रेक ओढला की सगळे सैल पडतात आणि नेमके तेव्हाच कुत्रे सर्वांत उतावीळ झालेले असते.

पसरणी घाटाचेच घ्या. वाईतून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून जास्त चढ आहे. वळणावळणावर खाली धोमचे पाणी आणि वाईची शेते दिसू लागतात, मग फोटोसाठी गाडी कडेला घेतली जाते. कठड्यावर माकडे बसलेलीच असतात, कारण लोक त्यांना खायला घालतात. मागचे दार उघडताच कुत्रे माकडावर झेप घेते. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला वळणावरून येणारी एसटी. म्हणून क्रम पाठ असावा: गाडी थांबली, इंजिन बंद, काचा अजून वरच, पट्ट्याची दोरी हातात गुंडाळली, आजूबाजूला पाहिले, मग दार. तेही डावीकडचे, रहदारीच्या बाजूचे नव्हे. दोरी दार उघडल्यावर नाही, आधी लावायची. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस घालावा. घाबरलेले कुत्रे मान मागे खेचून गळ्यातला पट्टा सहज सोडवून घेते. हार्नेसच्या पाठीवर मूठ असेल तर आणखी बरे, निसरड्यावर धरून उचलता येते.

हाच हार्नेस गाडीत सीटबेल्टला अडकवायचा. खटक्यात बसणारी छोटी पट्टी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते. कुत्र्याला बसता, उठता आणि आडवे होता येईल, पण पुढच्या दोन सीटच्या मधून डोके काढता येणार नाही, इतकीच तिची लांबी ठेवावी. गळ्याच्या पट्ट्याला ती कधीही अडकवू नये, जोराचा ब्रेक लागला तर मानेला फास बसतो. मोकळे कुत्रे म्हणजे काय, हे साध्या गणिताने कळते. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर २० किलोचे कुत्रे सुमारे ४०० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. ते स्वतः मरते आणि पुढच्यालाही घेऊन जाते. पुढच्या सीटवर तर बसवूच नये, एअरबॅग उघडली की तिचा मार थेट त्याच्या तोंडावर बसतो. खिडकीतून डोके बाहेर काढून वारा खाणारे कुत्रे फोटोत छान दिसते, पण यवतेश्वरच्या वळणावर समोरची गाडी वीतभर अंतरावरून जाते. शिवाय धूळ आणि खडे डोळ्यांत जाऊन बुबुळाला जखम होते. काच चार बोटे खाली पुरे, आणि काचेच्या बटणाला लॉक लावलेलेच असावे, कारण बटणावर पंजा पडला की काच वर जाते आणि मान अडकते. स्कूटीच्या पायाजवळ कुत्रे उभे करून घाट चढणारेही दिसतात. पायाखालची ती जागा ना त्याला तोल देते ना चालवणाऱ्याला पाय टेकू देते.

आता सर्वांत मोठा धोका, बंद गाडी. यात चूक फक्त मालकाची नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लोक पुण्याहून तीन तास गाडी चालवत येतात आणि फाटकावर आल्यावर त्यांना कळते की कुत्रा आत नेता येणार नाही. परत जाववत नाही. मुले रडकुंडीला आलेली असतात. मग ‘अर्ध्या तासात येतोच’ म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवले जाते. कासवर ढग असतात, गार वारा असतो, त्यामुळे काही वाटतही नाही. पण काचेतून ऊन आत येते आणि ऊब बाहेर जात नाही. बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ च्या आसपास आणि अर्ध्या तासात ४० च्या पुढे तापमान जाते. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. सप्टेंबरमध्ये ढग फाटून दहा मिनिटे कडक ऊन पडते, तेवढे पुरते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची असते, आणि आतली हवाच तापलेली व दमट असेल तर धापा टाकूनही उपयोग नाही. पग, शिह-त्झू, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वासाची वाटच अरुंद. त्यांना गाडीत पाच मिनिटेही ठेवू नये.

निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०४ च्या वर गेले की उपाय सुरू करायचे, १०६ म्हणजे जीवावरचे. थर्मामीटर नसेल तर हिरड्या पाहाव्यात, त्या गडद लाल झालेल्या असतात. लाळ घट्ट, चिकट होते, चाल झोकांड्या खाते, हाक मारली तरी लक्ष नसते. अशा वेळी लोक त्याला तसेच गाडीत घालून दवाखान्याकडे धावतात आणि वाटेतला अर्धा तास वाया जातो. आधी थंड करा, मग निघा. सावलीत घ्यावे, साधे गार पाणी पोटावर, जांघेत, काखेत आणि पंजांवर ओतत राहावे, आणि सतत वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नये, तो काही मिनिटांत गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. बर्फ लावू नये, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. पाणी पाजायचे तर शुद्धीवर असेल तरच, घोट घोट. तापमान १०३.५ च्या आसपास आले की ओतणे थांबवून एसी लावून दवाखाना गाठावा. कुत्रे उठून उभे राहिले, शेपूट हलवू लागले तरीही गाठावा, कारण मूत्रपिंड आणि रक्त गोठण्यातले बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडे पडतात.

घाटातली उलटी हा तेवढा जीवघेणा नसला तरी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. पिल्लांना ती अधिक होते, कारण तोल सांभाळणारा कानाचा आतला भाग अजून पक्का झालेला नसतो. पुष्कळ कुत्री वर्षभराची झाली की या त्रासातून सुटतात. जी सुटत नाहीत त्यांच्यात बहुधा भीती मुरलेली असते, गाडी म्हणजे दवाखाना आणि सुई, हे गणित त्यांच्या डोक्यात बसलेले असते. त्यावर औषधापेक्षा सराव बरा. पहिले दोन-तीन दिवस गाडी जागेवरच उभी, दार उघडे, आत बसवून खाऊ द्यायचा. मग इंजिन चालू करून तेवढेच. मग गल्लीला फेरी. मग थोडे लांब. साताऱ्यातून पहिल्या खऱ्या फेरीसाठी संगम माहुली उत्तम, पाचेक किलोमीटर, सपाट रस्ता, शेवटी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर मोकळे चालणे. छत्रपती थोरल्या शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या, ज्याने शिकारीत महाराजांचा जीव वाचवल्याची आठवण सातारकर आजही सांगतात, त्याची समाधी तिथेच आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी या निमित्ताने जरूर पाहावी.

निघायच्या दिवशी शेवटचे जेवण निदान चार तास आधी द्यावे. पाणी तोडू नये. जांभया येणे, ओठ चाटत राहणे, लाळेची तार लागणे आणि कुईकुई ही उलटीच्या आधीची चिन्हे आहेत. ती दिसली की पुढच्या रुंद जागेवर थांबून दहा मिनिटे चालवून आणावे. औषध लागणारच असेल तर पशुवैद्यक मारोपिटंट देतात. प्रवासाच्या दोन तास आधी, अगदी रिकाम्या पोटी न देता चिमूटभर खाण्याबरोबर. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वाहन लागण्यासाठीचा याचा डोस साध्या उलटीच्या डोसाच्या चौपट असतो आणि तो वजनावर ठरतो. मागच्या आजारातली उरलेली गोळी अंदाजाने दिली की एकतर काहीच होत नाही किंवा भलतेच होते. माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. अंगदुखीला आपण सर्रास घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंड निकामी करतात. झोपेचे औषध देऊन नेणेही चुकीचे आहे, गुंगीतल्या कुत्र्याला वळणावर तोल सावरता येत नाही आणि अंगातली उष्णताही नीट बाहेर टाकता येत नाही. उलटी झालीच तर चालवणाऱ्याने मागे वळून पाहायचे नाही. कुत्र्याशेजारी कायम दुसरे माणूस हवे, हा आमच्या मते घाटाचा पहिला नियम असावा. खंबाटकीत, कुंभार्लीत, आंबेनळीत, कुठेही.

खाण्याबद्दल सांगलीकरांना हात जोडून सांगणे आहे. तासगाव, कवठेमहांकाळकडून येताना गाडीत बेदाण्याचे पाकीट असतेच, आणि मुले मूठभर बेदाणे कुत्र्यालाही देतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे आहेत. सगळ्याच कुत्र्यांना बाधतात असे नाही, पण कोणाला बाधतील हे आधी सांगता येत नाही आणि किती खाल्ले तर चालतील असे प्रमाण ठरवता येत नाही. वाळल्यामुळे बेदाण्यात सगळे एकवटलेले असते, म्हणून थोडेही धोक्याचे. आधी उलट्या होतात, कुत्रे मलूल पडते, मग एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाऊन बंद होते. त्या टप्प्यावर वाचवणे अवघड. खाल्ल्याचे कळताच, काहीही त्रास दिसत नसला तरी, तासा-दोन तासांच्या आत पशुवैद्यकाकडे न्यावे, तिथे उलटी करवून पोट रिकामे करता येते. घरच्या घरी मीठ पाजून उलटी काढण्याचा प्रकार करू नये, मिठाची बाधा वेगळी होते. चॉकलेटचेही तसेच, काळे चॉकलेट जास्त वाईट. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळे मिसळीचा रस्सा, कांदाभजी, तांबड्या रश्श्यात कालवलेली भाकरी हे सगळे वर्ज्य. शिजवलेल्या कोंबडीची हाडे उभी चिरतात आणि आतड्यात टोचतात, धाब्यावर टेबलाखाली हीच पडलेली असतात. कंदी पेढा विषारी नाही, पण चार पेढ्यांनी जुलाब लागतात आणि पुढचा सगळा प्रवास नासतो. महाबळेश्वरची एखाद-दुसरी स्ट्रॉबेरी द्यायला हरकत नाही. घरचे नेहमीचे खाणे डब्यात घ्यावे. पाणी रोज किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर लागते आणि प्रवासात त्याच्या दुप्पट धरावे, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला दोन-अडीच लिटर. दर दोन तासांनी अर्धा वाडगा द्यावा. डबक्यातले, भातखाचरातले पाणी पिऊ देऊ नये. उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो कुत्र्याकडून माणसालाही लागतो. त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, रेबीजच्या लसीबरोबरच. दोन्ही सहलीच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, निदान दोन आठवडे आधी.

धाब्याभोवती भटकी कुत्री असतात आणि पाहुण्यावर धावून येतात. चावाचावी झाली तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, आणि लस घेतलेली असली तरी पशुवैद्यकाकडून वाढीव डोस घ्यावा. सोडवताना माणसाला चावले असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात.

पायाखालच्या जमिनीचा विचार फार कमी लोक करतात. कास, पाचगणी, चाळकेवाडी ही जांभ्या दगडाची पठारे आहेत. जांभा खरवडणारा, भोकाभोकांचा. घरातल्या फरशीवर वाढलेल्या कुत्र्याचे तळवे त्यावर तासाभरात सोलतात. उन्हाळ्यात डांबर तापते तेव्हा हाताचा मागचा भाग रस्त्यावर सात सेकंद ठेवून पाहावा, आपल्याला ठेववत नसेल तर त्याला चालवू नये. पावसाळ्यात उलट, ओलसर तळवे मऊ पडून लवकर कापतात, आणि बोटांच्या बेचक्यांतला चिखल तसाच राहिला की खाज व बुरशी. प्रत्येक थांब्यावर कोरड्या फडक्याने बोटांमधून पुसून काढावे.

पण खरा छळ सुरू होतो दसरा-दिवाळीच्या सुमारास, गवत वाळल्यावर. कुसळ. डोंगरउतारावर धोतराला, मोज्यांना लागते तेच. त्याला पुढे टोक असते आणि मागे वळलेले बारीक केस, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकते. पायाच्या दोन बोटांमध्ये शिरले की कातडी भेदून आत जाते, गळू होते, फुटते, पुन्हा होते, आणि वर मलम लावून बरे होत नाही, कारण कुसळ आतच असते. कानात गेले की पडद्यापर्यंत पोचते. नाकात गेले तर एकामागून एक शिंका आणि एकाच नाकपुडीतून रक्त. परतताना गाडीत बसवण्याआधी कुत्र्याला आडवे करून प्रत्येक पंजा हातात घ्यावा, बोटे फाकवून मधला भाग वरून आणि खालून दोन्हीकडून पाहावा, केस उलटे चोळावेत, मग कानाची पाळी उलटी करावी, काख, जांघ, शेपटीखाली हात फिरवावा. बाहेर टोक दिसत असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून, ज्या दिशेने गेले त्याच रेषेत सावकाश ओढावे. टोक दिसत नसेल तर कोरू नये. कुत्रे एकच पंजा सारखा चाटत असेल किंवा डोके एका बाजूला कलते करून झटकत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. केसाळ कुत्र्यांचे पंजांमधले आणि कानांतले केस सहलीच्या आधीच कमी करून घ्यावेत.

याच तपासणीत गोचीडही सापडतात. गोचीड चिमट्याने तोंडाशी धरून सरळ ओढावी. रॉकेल, तेल, जळती काडी यांनी ती सुटण्याऐवजी जखमेत लाळ ओकते आणि गोचीडतापाचा धोका वाढतो. दहा-पंधरा दिवसांनी ताप, फिकट हिरड्या, खाणे सोडणे दिसले तर पशुवैद्यकाला सहलीची आठवण करून द्यावी. कोयनेच्या बाजूला पावसाळ्यात जळवा लागतात. अंगावरच्या जळूवर मिठाचे पाणी टाकले की ती सुटते, नाकात शिरलेली मात्र दवाखान्यातच काढावी.

फुरसे आणि घोणस कातळाच्या सांदीत, गवताच्या कडेला असतात. कुत्रे हुंगायला जाते म्हणून दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. झपाट्याने सूज येते. कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. चालवू नये, उचलून न्यावे. गळ्यातला पट्टा काढून टाकावा, कारण सूज मानेकडे उतरते. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सर्पविषावरची लस आहे का ते विचारून घ्यावे, नसलेल्या ठिकाणी जाऊन वेळ घालवू नये. बामणोली, तापोळा, कोयनानगर इथे तंबूत किंवा कृषी पर्यटन केंद्रात मुक्काम असेल तर अंधार पडल्यानंतर कुत्रे बाहेर बांधू नये. कराड-पाटणकडच्या उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. बांधलेले कुत्रे हे त्याचे सोपे भक्ष्य. रात्रीची लघवीची फेरी दोन माणसांनी, उजेड घेऊन, आखूड दोरीने.

कुठे न्यावे आणि कुठे नाही, यावर आमचे मत स्पष्ट आहे. कासच्या फुलांच्या पठारावर कुत्रा नेऊ नये. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कास आहे. तिथे कातळावर मातीचा पातळसा थर असतो, त्यातच गेंद, तेरडा आणि सीतेची आसवे उगवतात. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. धावणारे, उकरणारे कुत्रे एका फेरीत जे तुडवते ते त्या हंगामात पुन्हा उभे राहत नाही. अभयारण्यात तर प्रश्न आजाराचाही आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार जंगली मांसभक्षकांनाही होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यांत हाच विषाणू सापडला होता. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथे आपल्या लाडक्याची विष्ठाही नको. पाचगणीच्या टेबललँडवर घोडे असतात. भुंकणाऱ्या कुत्र्याने घोडा बिचकला तर वर बसलेले मूल पडते, आणि पठाराचा कडा धुक्यात पावलापर्यंत दिसत नाही. ठोसेघरला गर्दीच्या दिवशी कठड्याजवळ नेण्यात काही अर्थ नाही.

मग उरते ते काही कमी नाही. अजिंक्यताऱ्याचा रस्ता पहाटे, ऊन चढायच्या आत, वरून सगळे सातारा शहर आणि समोर यवतेश्वर. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखालचा उघडा रस्ता, मात्र पात्यांच्या घरघरीला बुजणारे कुत्रे असेल तर लांबूनच. उरमोडीच्या काठचे रान. बामणोलीला कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ, तिथे पाण्यात सोडायचे तर लांब दोरी लावून, आणि पाणी उतरलेल्या दिवसांत मुळीच नाही. उघड्या पडलेल्या गाळात पाय रुततात आणि वाचवायला गेलेला माणूसही रुततो. हिरवा डोंगर, अंगावर येणारे ढग, ओल्या मातीचा वास, यांतले निम्मे सुख कुत्रे आपल्याहून जास्त घेते. नाकाने. त्याला दरीचा देखावा नको असतो, वीस मिनिटे सावकाश हुंगत चालणे हवे असते. एका दिवसात सहा ठिकाणे उरकण्यापेक्षा दोनच ठिकाणे करावीत.

गाडीत एक पिशवी कायम असावी. डिजिटल थर्मामीटर, बारीक टोकाचा चिमटा, चार इंची क्रेप बँडेज, कापूस, पोव्हिडोन आयोडिन, जखम धुण्यासाठी अर्धा लिटर सलाइन, जादा दोरी, जुनी चादर. चादर झोळी म्हणून, उचलून न्यायला. आणि दीड हात लांब सुती पट्टी, कारण वेदनेत असलेले कुत्रे मालकालाही चावते. पट्टीचा सैल फास जबड्यावर बसवून वर एक गाठ, टोके खाली नेऊन हनुवटीखाली दुसरी, मग कानांमागे नेऊन सुटणारी गाठ. उलटी होत असेल, श्वासाला त्रास असेल किंवा नाक चपटे असेल तर ही बांधू नये. पट्ट्याला मालकाचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला हवा, घरचा नको, घरी कोणी नसतेच. कुत्रे सुटून पळालेच तर मागे धावू नये, धावले की ते आणखी पळते. एकाने सुटले त्या जागीच थांबावे, आपला अंगातला शर्ट तिथे ठेवावा, बाकीच्यांनी गुराख्यांना, टपरीवाल्यांना सांगत फिरावे. पुष्कळदा कुत्रे अंधार पडल्यावर त्याच जागी परत येते.

आता जे मालकांच्या हातात नाही त्याबद्दल. पर्यटनस्थळे ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्यांनी कुत्र्यांबाबतचा नियम फाटकावर न लावता घाटाच्या पायथ्याशी लावावा. समर्थ मंदिर-बोगदा परिसरात, जिथून एक रस्ता कासकडे आणि दुसरा सज्जनगड-ठोसेघरकडे जातो, तिथे एक ठळक फलक. दुसरा वाईत, पसरणी घाट चढण्याआधी. जिथे ऑनलाइन नोंदणी होते तिथे पैसे भरण्याआधीच हे वाक्य दिसावे. नियम आधी कळला तर माणूस दुसरी जागा निवडतो किंवा कुत्र्याची घरी सोय करतो. वाहनतळावर कुत्री कोंडली जाण्याचे मोठे कारण त्याने नाहीसे होईल. शिवाय प्रत्येक मोठ्या वाहनतळाशी पत्र्याची का होईना एक सावली, पाण्याचा नळ आणि दोरी अडकवायला चार कड्या. तिथल्या ग्रामस्थांना किंवा बचत गटाला ठरावीक शुल्कात कुत्री सांभाळण्याचे काम देता येईल. त्यांना वरचे उन्हाच्या झटक्याचे उपाय एका दुपारी शिकवायला आमच्यातले पशुवैद्यक विनामूल्य येतील.

दुसरी अडचण रविवारची. पुण्याच्या बाजूने येणाऱ्यांना शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय महामार्गालगतच आहे, हे अनेकांना माहीतही नसते. सातारा शहरात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. १९६२ या क्रमांकावरची फिरती पथके मुख्यतः गुराढोरांसाठी आहेत, घाटात कुत्र्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये. खासगी दवाखाने बरेच आहेत, पण रविवारी दुपारी नेमका कोणता उघडा आहे हे मेढ्यात, महाबळेश्वरात किंवा पाटणमध्ये अडकलेल्या माणसाला कसे कळणार? आपल्या दैनिकात शुक्रवारच्या अंकात, औषध दुकानांच्या यादीशेजारी, त्या शनिवार-रविवारी उघड्या असणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांची तालुकावार यादी छापावी, अशी विनंती आहे. दवाखान्याचे नाव, वेळ, फोन आणि सर्पविषावरची लस उपलब्ध आहे की नाही, एवढ्या चार रकान्यांत काम भागेल. माहिती गोळा करून दर गुरुवारी दुपारपर्यंत आपल्या कार्यालयात पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. कासच्या हंगामातल्या पुढच्या शुक्रवारपासून सुरुवात करता आली तर फार बरे होईल.

कळावे,

आपले,
सातारा शहरातील काही श्वानपालक व पशुवैद्यक